सर्वांना पूर्ण परवानगी

आमच्या घरात प्रिंटर होता, फक्त तो आमच्या घरात नव्हता. तो खालच्या मजल्यावर अम्मो शफीककडे होता. अम्मो शफीक म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाले आणि आता पेटीत लाव्यांची अंडी उबवतात. प्रिंटर त्यांनी शाळेच्या भंगारातून वाचवून आणला होता. जुना, लेझरचा, वजनाला ईदसाठी पोसलेल्या मेंढ्याइतका. एकदा टेबलावर चढवल्यावर तो हलवायचा विषय कुणी काढला नव्हता. शेजारीच अंड्यांची पेटी. "दोघांनाही ऊब लागते," अम्मो सांगत, आणि दोघांवर एकच चादर घालत.

शुक्रवारी सकाळी आईला फोन आला. शनिवारी जुन्या खानात, म्हणजे जुन्या सराईत, बायकांनी घरी केलेल्या पदार्थांचा बाजार भरणार होता आणि आईला पहिल्यांदाच टेबल मिळालं होतं. फोन बाजार भरवणाऱ्या मादाम जुमानाचा. प्रत्येक बरणीवर छापलेली चिठ्ठी हवी, चिठ्ठीवर करणारीचं नाव हवं, हाताने लिहिलेलं चालणार नाही. नाव नसलेली बरणी टेबलावर येणार नाही.

"हे आज सांगते?" बाबा म्हणाले. "शुक्रवारी? सगळं सैदा शहर बंद असताना?"

"तिने महिन्यापूर्वीच सांगितलं होतं," आई म्हणाली. "मी विसरले. मला वाटलं, बरणीकडे बघून कळतं कुणाची आहे."

बरण्या सोफ्यावर होत्या. तेलात मुरवलेलं मकदूस, म्हणजे पोटात अक्रोड कोंबलेली छोटी वांगी, जर्दाळूचा मुरांबा, संत्र्याच्या फुलांचं पाणी. सोफा भरल्यावर त्या पलंगांखाली गेल्या, मग पलंगांवर आल्या. गेला आठवडाभर आम्ही जमिनीवर बसत होतो आणि पाहुण्यांना गच्चीवर नेत होतो.

माझी बहीण लमीस डिझाइन शिकते. तिने तासाभरात लॅपटॉपवर चिठ्ठी केली. वर संत्र्याची एक फांदी, खाली ठसठशीत अक्षरांत, 'विदादची बेगमी'.

आई चष्मा लावून पडद्यासमोर उभी राहिली. मग वाकली. मग बसली.

"आवडलं नाही का?" लमीसने विचारलं.

"हे माझं आहे."

"हो. तुझंच नाव आहे, आई."

"माहीत आहे गं. फार दिवसांनी पाहिलं."

मी जन्मलो त्या दिवशी आईचं नाव उम्म हैथम झालं, म्हणजे हैथमची आई. हैथम मी. भाजीवाला, दातांचा डॉक्टर, मशिदीशेजारचा शिंपी, इतकंच काय, बाबासुद्धा तिला उम्म हैथम म्हणतात. पंचवीस वर्षं ती माझ्या नावाने ओळखली गेली, आणि मी त्या नावाचं काहीच केलेलं नव्हतं.

"उद्या हेच लागलं पाहिजे," आई म्हणाली. "हेच. यातलं काही बदलायचं नाही."

इथे माझा प्रवेश झाला. मी नेटवर्किंगचा कोर्स केला होता आणि त्याचा घराला काय उपयोग, हा प्रश्न जेवताना अधूनमधून निघे. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की दोन्ही मजल्यांचं एक नेटवर्क करतो. वरून फाईल पाठवायची, खाली कागद निघेल. पेन ड्राइव्ह घेऊन एक जिना उतरता आला असता, हे मला माहीत आहे. तेव्हापासून सगळे मला तेच सांगतात. पण अम्मोंच्या कॉम्प्युटरची दोनच भोकं जिवंत होती. एकात प्रिंटर, दुसऱ्यात पेटीचा तापमापक. पेन ड्राइव्ह लावायचा तर पिल्लांचा ताप बघणं सोडावं लागलं असतं, आणि अम्मो ते सोडणार नव्हते.

राउटर वर आमच्याकडे, त्याचं वायफाय खाली अम्मोंच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचत होतं आणि तिथे थांबत होतं, परवानगी मागितल्यासारखं. म्हणून मी वायर टाकली. बाल्कनीतून, टोपलीच्या दोरीला बांधून. आमच्या बाल्कनीत दोरीला बांधलेली वेताची टोपली आहे. अम्मोंचं दुपारचं जेवण रोज तीतून खाली जातं, रिकामी ताटली कधी रिकामी वर येत नाही, तीत लिंबं असतात नाहीतर निदान वर्तमानपत्र.

खाली अम्मोंच्या पडद्यावर कॉम्प्युटरने विचारलं, हे नेटवर्क सार्वजनिक आहे की खाजगी?

"काय म्हणतो?" अम्मो माझ्या खांद्यावरून वाकले.

"हे घरचं आहे की चव्हाट्यावरचं, असं विचारतो."

"आपल्या जिन्यात सगळ्या गल्लीच्या चपला असतात. काय सांगणार त्याला?"

"खाजगी सांगतो."

"खोटं सांगतोस. सांग."

त्याने खोटं मानलं. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना दिसायला लागले. मग त्याने विचारलं, चिठ्ठीची फाईल असलेल्या शेअर फोल्डरला पासवर्ड हवा का? मी 'हो'वर बोट नेलं आणि अम्मोंनी माझं मनगट धरलं.

"पासवर्ड कुणासाठी, अम्मो?" आमच्याकडे काका पुतण्यालाही अम्मोच म्हणतो. पण आवाजावरून कळतं की आपण लहान आहोत.

"बाहेरच्या कुणी घुसू नये म्हणून."

"बाहेरचा कोण? वायर तुझ्या घरातून माझ्या घरात. मधे टोपली. म्हणजे बाहेरचा मी."

"तसं नाही हो अम्मो—"

"तुला पोहायला कुणी शिकवलं?"

बाबा जिन्यातून आत आले, कारण आमच्याकडे कुणी आवाज चढवला की दुसऱ्या मजल्याला यावंच लागतं. "काय झालं?"

"तुझा मुलगा माझ्यावर कुलूप लावतोय."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच कुणाचा मुलगा होतो. आमच्या दोन्ही दारांची किल्ली दिवसभर कुलपात बाहेरच्या बाजूने लटकते. कुणी ती आत काढून ठेवली तर गल्ली विचारायला येते, घरात कोण आजारी आहे?

मी पासवर्ड बंद केला. फोल्डरच्या परवानग्यांच्या चौकटीत 'सर्वजण' निवडलं, आणि त्याच्यापुढे 'पूर्ण ताबा'. बघा, लिहा, बदला, पुसा. कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की हे कधीही करू नये. पण शिकवणाऱ्यांना काका नसावेत.

तेव्हा सरकारी वीज होती. मी वरून चाचणीचा कागद पाठवला. खाली प्रिंटर गुरगुरला, थरथरला, आणि कागद बाहेर टाकला. अम्मोंनी तो टोपलीत घातला, आईने दोरी ओढून वर घेतला. बाबांनी तो उजेडात धरला, जणू नोट खरी आहे का बघायची होती. कोर्स वसूल झाला. आई स्वयंपाकघरात गेली आणि शुक्रवारची सय्यादिये चढवली, कांदा काळसर होईपर्यंत तळून केलेला मासळीभात. खास अम्मोंसाठी.

मी छापायला दिलं आणि सरकारी वीज गेली.

त्याने काही बिघडायला नको होतं. सरकारी गेली की गल्लीच्या जनरेटरची येते. पण जनरेटरची जोडणी दोन्ही मजल्यांत मिळून एकच आहे, पाच अँपिअरची. एका वायरीने आम्ही वर घेतो, दुसरीने अम्मो खाली. पाच अँपिअरमध्ये फ्रीज, टीव्ही, पंखा आणि पेटी सुखाने नांदतात. त्यात जुन्या लेझर प्रिंटरने कागद भाजायला आपली भट्टी पेटवली की खाली गल्लीतल्या खांबावरच्या डब्यात खट् होतं आणि दोन्ही मजले मरतात.

म्हणजे असं झालं: मी छापायला सांगायचो. राउटर निरोप न्यायचा. प्रिंटर जागा व्हायचा, भट्टी पेटवायचा, खट्. प्रिंटर बंद, राउटरही बंद. मी गल्लीत उतरून डब्यातली कळ वर करायचो. धावत वर यायचो. राउटर डोळे मिचकावत उठायचा, प्रिंटरला सापडायचा, आणि अर्धवट राहिलेला निरोप त्याला पुन्हा आठवायचा. भट्टी. खट्. मी छापणं रद्द केलं तरी ते रद्द होईना. रद्द करण्याचा निरोपही त्याच वाटेने जात होता. मी असं यंत्र बांधलं होतं, जे काम करायला लागलं की स्वतःला मारत होतं.

गल्लीतले लोक बाल्कनीत खुर्च्या घेऊन बसले. "हैथम, आता?" समोरची उम्म झियाद विचारायची. मी मान हलवायचो. ती खुर्ची थोडी पुढे ओढायची.

शेवटी मी खाली जाऊन प्रिंटरची वायर उपटली आणि सगळ्यांना सांगितलं की सरकारी वीज परत येईपर्यंत थांबायचं. चार वाजता यायची. कधीकधी येतेही.

थांबणं आमच्या घराला जमत नाही. बाबा चॅनेल बदलत होते. लमीस कागदी टेप सोलत होती. आई बरण्या मुरांब्याकडून मकदूसकडे आणि मकदूसकडून परत मुरांब्याकडे लावत होती, पुसत होती, झाकणं घट्ट करत होती, सैल करून पुन्हा घट्ट करत होती. मी दर दोन मिनिटांनी दिव्याकडे बघत होतो. आणि सबंध वेळ तो फोल्डर उघडा होता.

साडेतीनला अम्मोंनी बाल्कनीतून हाक मारली. "अम्मो! मी पंखा, दिवे, रेडिओ, सगळं बंद केलं, प्रिंटर लावला. एक कागद काढून बघ!"

मी फ्रीज बंद केला. छापायला सांगितलं. भट्टी पेटली. आम्ही सगळे श्वास रोखून खांबावरच्या डब्याकडे बघत राहिलो. समोर उम्म झियाद उभी राहिली. एक कागद आला, मग खट्. पण कागद आला होता. टोपली वर आली. आईने चष्मा लावला आणि वाचलं.

"नक्काश बंधू," ती म्हणाली.

 नक्काश आमचं आडनाव.

"'नक्काश बंधू, सैदा. उम्म हैथम यांच्या देखरेखीखाली. उत्तर अक्षांश तेहतीस.'" तिने कागद खाली घेतला. "हे कुणी केलं?"

"आपल्या वडिलांच्या दुकानाचं नाव होतं ते," बाबा बंद टीव्हीकडे बघत म्हणाले. "लोकांना आठवतं. विश्वास बसतो."

"तुमच्या वडिलांचं दुकान बुटांचं होतं."

"पण चांगल्या बुटांचं."

"आणि अक्षांश?"

खालून अम्मोंचा आवाज आला. ते सगळं ऐकत होते, बाल्कनी आहे. "नुसतं सैदा लिहिलं तर परदेशी पाहुण्याला काय कळणार, उम्म हैथम? आणि तुमचं नाव मी काढलं ते तुमच्या मानासाठी. बाजारात कुणीही उठून विदाद, विदाद म्हणेल. कशी बाई आहे म्हणतील. उम्म हैथम कसं भारदस्त वाटतं!"

"फाईल तुम्ही उघडलीत, उस्ताद?" आईने खाली वाकून विचारलं. ती अम्मोंना नेहमी उस्ताद म्हणते, म्हणजे गुरुजी.

"सर्वांना परवानगी होती! मी वाचलं तसं. पूर्ण ताबा."

सगळे माझ्याकडे वळले. मी राउटरकडे बघितलं, पण तो मेला होता.

आईने कागदाची घडी केली. मग घडीची घडी. तिचे हात सबंध दिवस चालत होते, आता थांबले, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

"कुलूप कसं लावतात?" तिने मला विचारलं.

"कशाला?"

"या फोल्डरला."

"उम्म हैथम," बाबा म्हणाले. "घरातल्या घरात?"

"घरातल्या घरातच लागतं. बाहेरच्यांना माझी चिठ्ठी कुठे बदलायची आहे?"

मी गल्लीत जाऊन कळ वर केली, परत आलो आणि तिला लॅपटॉपवर परवानग्यांची चौकट उघडून दाखवली. फाईल शेअर करणं आणि प्रिंटर शेअर करणं, या दोन वेगळ्या खुणा आहेत हे तिने एकदाच ऐकलं आणि कोर्सभर मला जे लक्षात राहिलं नव्हतं ते लक्षात ठेवलं. फाईलसमोरची 'सर्वजण'ची खूण तिने स्वतःच्या बोटाने काढली. प्रिंटरसमोरची राहू दिली. मग लमीसकडून नाव परत 'विदादची बेगमी' करून घेतलं, आणि म्हणाली, "आता पासवर्ड."

"काय ठेवू?"

"तू तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं. लमीसनेही. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, कळांच्या आवाजावरून काही कळतं का ते ऐकायला. आईने एकेक अक्षर शोधून शोधून दाबलं. बराच वेळ लागला.

खाली अम्मोंना कुणी सांगितलं नाही, तरी पाच मिनिटांत कळलं. फोल्डर उघडायला गेले असणार. "मला आत घेत नाहीये!" ते ओरडले.  मग दार आपटल्याचा आवाज. मग बाल्कनीत येऊन, अगदी थंड स्वरात: "प्रिंटर आजारी आहे."

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

"मन उठलंय त्याचं. त्यालाही पासवर्ड आहे. माझा. मी वायर काढलीये."

चार वाजून गेले होते आणि सरकारी वीज आली नव्हती. बाबा म्हणाले, द्या ना लिहून उम्म हैथम, एक दिवसाचा तर प्रश्न आहे. लमीस म्हणाली, बाबा, तुम्ही गप्प बसा. मी एका पायावर उभा राहून दुसऱ्याने दार उघडझाप करत होतो. आई मात्र स्वयंपाकघरात गेली. सय्यादियेचं पातेलं उघडलं. काळसर कांद्याचा, जिऱ्याचा, तळलेल्या माशाचा वास बाल्कनीतून सरळ खाली उतरला. ती ताटली भरून बाहेर आली, टोपलीत ठेवली, वरून तळलेला कांदा पसरला, लिंबू पिळलं. आणि टोपली खाली सोडली नाही. कठड्यावर ठेवली.

खाली अम्मोंच्या खुर्चीचा आवाज झाला.

"उम्म हैथम," ते म्हणाले.

आईने टोपलीची दोरी कठड्याला गुंडाळली.

"थंड होईल ते."

"होईल, उस्ताद."

"टोपली आजारी आहे का?"

"मन उठलंय तिचं," आई म्हणाली.

वीस वर्षं ही टोपली एकदाही थांबली नव्हती. युद्धातसुद्धा नाही, तेव्हा फक्त लवकर जायची. समोर उम्म झियादने शेजारणीला हाक मारली. मी कठड्याला धरून उभा होतो आणि मला कळत होतं की आमच्या घरात कोर्स न करता कुणीतरी परवानगी काढून घेतली आहे.

"निदान," अम्मो शेवटी म्हणाले, "'उम्म हैथम' बारीक अक्षरात, कंसात?"

"नाही."

"अक्षांश?"

"उस्ताद, मासा कोरडा पडतोय."

खाली पेटीची चादर सरकल्याचा आवाज आला. मग अम्मो: "अम्मो! फ्रीज बंद कर. टीव्ही बंद. पंखा बंद. तुझ्या बापालाही बंद कर. मी पेटी आणि प्रिंटर सोडून सगळं काढलंय. दे पाठवून!"

मी दिलं. राउटर जागा होता. प्रिंटरने भट्टी पेटवली. खांबावरचा डबा गप्प राहिला. एक कागद आला, अम्मोंनी मोठ्याने जाहीर केलं. दुसरा. दुसऱ्यानंतर त्यांनी वाचूनही दाखवलं, एका दमात, शाळेत हजेरी घेतात तसं: "विदाद! विदाद! विदाद! विदाद!" एका कागदावर बऱ्याच चिठ्ठ्या होत्या आणि त्यांनी एकही गाळली नाही. समोरच्या बाल्कनीतून उम्म झियादने विचारलं, "विदाद कोण हो?"

टोपली खाली गेली, मासा घेऊन. वर आली चिकट कागदांचा गठ्ठा घेऊन, अजून गरम. गठ्ठ्याखाली लाव्याची दोन अंडी होती. माफी होती की धमकी, कळलं नाही. आईने उकडून लमीसला दिली.

संध्याकाळी सगळे जमिनीवर बसून चिठ्ठ्या चिकटवत होते, अम्मोसुद्धा, आणि सगळे वाकड्या चिकटवत होते कारण प्रत्येकजण मनात पासवर्ड लावत होता. बाबा मधूनच उठून लॅपटॉपपाशी जात आणि काहीतरी दाबून परत येत. माझी जन्मतारीख, लमीसची, लग्नाची. अम्मोंनी मधूनच खाली जाऊन, तारेवरून, सगळ्या अरब राजधान्या लावून बघितल्या. मीही दोनदा प्रयत्न केला, निव्वळ तांत्रिक कारणासाठी. आम्ही घरातल्या प्रत्येकाचं नाव लावलं. निदान आम्हाला तेव्हा तसं वाटलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. दुपारी, सगळ्यांना परवानगी असताना, मीही त्या फाईलीत गेलो होतो. नाव वगैरे बदलायला नाही. अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, मी एक ओळ घातली होती: 'तांत्रिक सहाय्य: हैथम.' लमीसने नाव परत केलं तेव्हा ती ओळ तिच्या नजरेतून सुटली. आईचा चष्मा तेवढा जोरदार नाही.

शनिवारी सकाळी खानाच्या अंगणात मादाम जुमाना टेबलांमधून फिरली, बरणी उचलून बघितली, मान हलवली आणि पुढे गेली. आम्ही सगळे टेबलामागे गर्दी करून उभे होतो आणि आईने आम्हाला तीनदा मागे व्हा म्हटलं. मग एक बाई थांबली. पांढरा कोट, मोठी पिशवी. तिने जर्दाळूचा मुरांबा उजेडात धरला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "विदाद?"

आईने मागे वळून बघितलं.

मागे बाबा होते, अम्मो होते, मी होतो, भिंत होती.  बाबांनी तोंड उघडलं होतं, ते लमीसने कोपराने बंद केलं. आई एक क्षण तशीच राहिली, कुणीतरी पुढे येईल म्हणून वाट बघत असल्यासारखी. मग हळूहळू परत फिरली आणि हात ॲप्रनला पुसले.

"मी," ती म्हणाली. "मीच विदाद. काय देऊ?"

"हा एक द्या. आणि ते पाणी." बाईने बरणी डोळ्यांजवळ नेली. तिचा चष्मा जोरदार होता. "आणि हा खाली हैथम कोण?"

आईने बरणी घेतली, हात लांब करून, मग जवळ आणून ती ओळ वाचली. माझ्याकडे बघितलं नाही. कागदात बरणी गुंडाळली, पिशवीत घातली.

"कोणी नाही हो," ती म्हणाली. "वायरवाला आहे."